धुरी आर्ट्स, वर्तकनगर

कोलशेतच्या रंगाच्या कंपनीत मी स्टोअर्समध्ये लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये एक माणूस ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि जेवायचं सोडून माझ्या कानाकडे बघत राहिला. मी कान पुसला. तरी बघतोच आहे. शेवटी विचारलं, "काही लागलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "तुमचा डावा कान जरा खाली आहे. चष्मा तिरका बसत असेल."

बसत होता, शाळेत असल्यापासून. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

हे मधुकर धुरी. कंपनीच्या डब्यांवर जी चित्रं असायची, पोपटी भिंत, सोफ्यावरचं कुटुंब, शिडीवरचा रंगारी, ती सगळी त्यांच्या हातची. नंतर कळलं की वर्तकनगरात मी ज्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आलेलो, तिथेच एक मजला खाली ते राहतात. महिनाभरात मी त्यांच्यासाठी 'परब' आणि 'तू' झालो. ते माझ्यासाठी शेवटपर्यंत 'धुरी' आणि 'तुम्ही'च राहिले.

बोलणं कमी, आवाज बारीक. शर्टाच्या खिशात पेन्सिलींचे तुकडे, ब्लेडने तासलेले. शार्पनरने पेन्सिलीचा जीव जातो म्हणायचे. समोरचा बोलत असला की ते त्याच्या तोंडाकडे असे बघायचे, जशी आपण भिंतीतली ओल शोधतो. आणि तेवढ्या वेळात उजव्या हाताचा अंगठा मांडीवर फिरत असायचा. समोरच्याचा चेहरा ते पँटीवर काढत असायचे. शैलावहिनी माझ्या बायकोला सांगायच्या, "ह्यांच्या सगळ्या पँटी एकाच मांडीवर झिजतात. दुसरी बाजू नवीकोरी."

कंपनीत कुणी निवृत्त झालं की शाल, नारळ आणि धुरींनी काढलेलं पेन्सिलचित्र, असा निरोप असे. लोक शाल बाजूला ठेवून आधी चित्र बघायचे. आमचा एक फिटर होता, कायम कपाळाला आठ्या. धुरींनी त्याला खळखळून हसताना काढलेलं. त्याची बायको चित्र हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे हसतात, हे तुम्हाला कुठून कळलं? घरात आम्ही अजून बघितलेलं नाही." धुरी म्हणाले, "लंच संपायच्या आधी पाच मिनिटं हसतात, कॅरमवर." ती बाई चित्राकडे बघत राहिली. तिला आनंद झाला की वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही.

मग कंपनी बंद पडली. गेटवर नोटीस लागली त्या दिवशी प्रत्येक जण एकमेकाला काहीतरी विचारत होता, गावी जाणार का, कुठे ओळख आहे का. धुरींना कुणी काही विचारलं नाही. उलट सगळे म्हणाले, "तुमचं काय, धुरी. तुमच्या हातात कला आहे." ते वाक्य त्या दिवशी त्यांनी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्यांना ते खरं वाटलं.

काही दिवसांनी हायवेलगतच्या एका हॉटेलात 'तुमच्या कलेचा ब्रँड बनवा' असं शिबिर होतं. धुरी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. डोळे चमकत होते.

"परब, आपण आजवर चुकलो. कला म्हणजे माल. माल चांगला असून भागत नाही. तो लोकांसमोर जाऊन उभा राहिला पाहिजे."

तिथे त्यांना कार्ड देताना हसायला शिकवलं होतं. धुरींचा चेहरा मुळात लांबट आणि उदास. आरशासमोर उभं राहून ते सराव करायचे. ते बघून वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, तसं हसू नका. घरात कुणाला बरं नाहीये असं वाटतं." कार्डही छापून आलं. 'धुरी आर्ट्स. हुबेहूब चेहरे.' हुबेहूब हा शब्द मोठ्या अक्षरात.

त्यांनी एका मॉलमध्ये सरकत्या जिन्याजवळ टेबल मिळवलं. बसल्या बसल्या चित्र काढून देणार. पहिल्या रविवारी मी बायकोला घेऊन गेलो. गर्दी चांगली जमलेली. एक तरुण जोडपं बसलं, लग्न ठरलेलं असावं. मुलगा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता. धुरींनी चित्र पुरं केलं आणि कागद फिरवला. मुलगा अगदी तसाच, थोडा ऐटबाज. मुलगी मात्र त्याच्या शेजारी बसून दुसरीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसलं. प्रत्यक्षात ती हसत होती. चित्रात नाही. मुलीने ते बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा म्हणाला, "काका, हे काय केलंय? हसती काढायची ना." धुरी खाली बघत म्हणाले, "मी जे दिसलं ते काढलं." मुलगा तिला घेऊन निघून गेला. चित्र तिथेच राहिलं.

बायांना हनुवटी कमी हवी असे, पुरुषांना केस जास्त. धुरी प्रयत्न करायचे. खोडायचे, पुन्हा काढायचे, आणि हात पुन्हा खऱ्यावर यायचा. मॉलच्या मॅनेजरने टेबल आधी फूड कोर्टच्या टोकाला नेलं, मग स्वच्छतागृहाच्या बाजूला. तिथून धुरी एक दिवस स्वतःच टेबल उचलून घरी आले.

पुढची दोन-तीन वर्षं ते काय काय करत होते. गृहप्रदर्शनांत स्टॉल, मुलांचे वाढदिवस, कल्याणला एका लग्नात पाहुण्यांची चित्रं. प्रत्येक वेळी तेच. चित्र बघून लोक गप्प व्हायचे आणि दुसऱ्यांदा बोलवायचे नाहीत.

हिराबाई नाखवा आमच्या कॉलनीत मासे विकायला यायची. कोलशेतच्या कोळीवाड्यातली. तिचा नवरा खाडीत होडी घेऊन गेला तो परत आला नाही; सापडला तो ओळखू न येण्यासारखा. तिच्याकडे त्याचा एकच फोटो होता, जुन्या कार्डावरचा, त्यातही चेहरा झिजून पांढरा पडलेला. वहिनींनी तिला घरी आणलं. धुरींनी तो फोटो बघून बाजूला ठेवला आणि तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. रागावले की आधी काय हलायचं? झोपेतून उठले की कसे दिसायचे? हिराबाईला आधी लाज वाटली, मग ती बोलायला लागली. "नाक," ती म्हणाली. "नाक फुगायचा त्याचा. मंग मना कलायचा, आता मी काय बोलायचा नाय." सांगता सांगता हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. अशा काही संध्याकाळी गेल्या.

चित्र तयार झालं त्या दिवशी मी तिथे होतो. धुरींनी बोर्ड तिच्याकडे वळवला. हिराबाईचा हात आपोआप वर गेला आणि तिने डोक्यावर पदर ओढला. नवरा समोर आला की ओढायची तसा. मग ती खाली फरशीवर बसली आणि चित्राकडे बघून म्हणाली, "आता बोलंल मना, येवढा येल कुठं होतीस."

तिला खालपर्यंत सोडून आम्ही जिना चढत होतो. धुरींचे डोळे भरलेले होते. मधल्या पायरीवर ते थांबले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "परब, मार्केट सापडलं."

मला त्यांचा राग आला नाही. ते दोन्ही खरं होतं, ते पाणीही आणि ते वाक्यही.

आणि मार्केट खरोखरच सापडलं. गेलेल्या माणसाची हनुवटी कमी करा, केस वाढवा असं कुणी म्हणत नाही. लोकांना तो हुबेहूबच हवा असतो. धुरींनी शिबिरात ऐकलेलं सगळं आता वापरलं. स्मशानाजवळ अंत्यविधीचं सामान मिळतं त्या दुकानात त्यांची कार्डं गेली. दहाव्या-तेराव्याचे विधी करणाऱ्या दोन गुरुजींच्या पिशवीत गेली. सकाळी चहाबरोबर ते पेपर मागच्या पानापासून वाचू लागले आणि निधनाच्या बातम्यांवर पेन्सिलीने खूण करू लागले. पांढरा शर्ट घालून जायचे, कोपऱ्यात बसायचे, कार्ड लगेच द्यायचे नाहीत. बोलतं करायचे. चार लोकांत ज्यांना रडू आलेलं नसे, ते धुरींपाशी बसून रडायचे. चित्र घरी पोहोचलं की एका आठवड्याने फोन करून विचारायचे, बरं वाटतंय का. त्यांच्या भाषेत तो फॉलो-अप होता. पण विचारायचे मनापासून.

गल्लीच्या तोंडाशी गाळा घेतला, पाटी लागली. धुरी आर्ट्स, वर्तकनगर.

मग ते साथीचं वर्ष आलं. माणसं ॲम्ब्युलन्समधून जायची आणि परत यायची नाहीत, शेवटचं तोंडही बघायला मिळायचं नाही. गाळा बंद होता, पण धुरींचा फोन बंद होत नव्हता. लोक व्हिडिओ कॉलवर लग्नाचे अल्बम कॅमेऱ्यासमोर धरायचे, हुंदके देत सांगायचे, बाबांच्या भुवईवर एक खूण होती, आई अशी मान तिरपी करायची. धुरी खिडकीपाशी बसून दिवसभर काढत. बोटं आखडायची, वहिनी गरम पाण्याचा शेक द्यायच्या. एवढं काम त्यांना आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. एकदा जिन्यात मास्क खाली करून मला म्हणाले, "धंदा असा चालणं बरं नाही, परब."

"मग थोडे दिवस बंद ठेवा."

"फोनवर बाई रडत असते. तिला काय सांगू, बंद आहे?"

त्याच दिवसांत चौथ्या मजल्यावर माझ्यासमोर राहणाऱ्या प्रधानांना आयसीयूत ठेवलं. प्रधान आणि धुरी म्हणजे वर्षानुवर्षांची कॅरमची जोडी. प्रधानकाकू घरी एकट्या होत्या. वहिनींनी पेज केली आणि धुरी डबा घेऊन वर गेले. मी माझ्या दारातून बघत होतो. काकूंनी दार उघडलं, धुरींना बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दाराची कडी हातात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "अजून आहेत ते, धुरी. तुम्ही नंतर या."

दार लागलं. धुरी डबा घेऊन तसेच उभे राहिले. खाली जाताना माझ्यापाशी थांबले.

"पेज होती," ते म्हणाले. "नुसती पेज."

प्रधान बरे होऊन घरी आले, पण कॅरम खेळायला खाली आले नाहीत. हळूहळू कॉलनीत तसंच होत गेलं. धुरींनी कुणाला "आजोबा कसे आहेत?" विचारलं की समोरचा घाईघाईने "एकदम मस्त" म्हणून निघून जायचा. म्हातारी माणसं बागेत त्यांच्या बाकावर बसेनाशी झाली. जो माणूस सगळ्यांचे चेहरे जाणत होता, त्याच्यासमोर चेहरा न्यायला कुणी तयार नव्हतं.

साथ ओसरली. धुरींना वाटलं, आता नाव झालंय, वाढवायला हवं. टेंभी नाक्याजवळ मोठी जागा घेतली, काचेचा दरवाजा, आत दिवे. आणि तेव्हाच ते मोबाइलचं सुरू झालं. शेजारच्याच दुकानात एक पोरगा कुठलाही फाटका फोटो घेऊन चहा येईपर्यंत स्वच्छ करून द्यायचा. अंगावर कोट चढवायचा, मागे फुलं. पुढे तर चित्र हलायला लागलं. गेलेली आजी पापणी मिटायची, हात जोडायची, हसायची. धुरी काचेतून बघायचे. म्हणाले, "ती बाई अशी हसत नसणार. तिच्या ओठांची ठेवणच तशी नाही." पण तिची मुलं ते बघून रडत होती, आणि रडून झाल्यावर समाधानाने घरी जात होती.

टेंभी नाक्याची जागा गेली. वर्तकनगरचा गाळा तेवढा राहिला. तेव्हा धुरींनी त्यांची शेवटची योजना काढली. जिवंत माणसांची चित्रं आधीच काढून ठेवायची. कॉलनीतल्या प्रत्येक पत्रपेटीत पत्रक गेलं. 'आजच काढून ठेवा. ज्येष्ठांना सवलत.' दुसऱ्या दिवशी सोसायटीची मीटिंग लागली. लोक चिडले होते, पण धुरी समोर उभे राहिल्यावर कुणाला बोलवेना. तेच हात जोडून बोलले.

"मी कुणाचं वाईट चिंतत नाही. तुम्ही मला ओळखता. जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढू द्या, एवढंच म्हणतोय. किती वर्षं झाली, माझ्यासमोर जिवंत माणूस बसलेला नाही."

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "धुरी, विषय अंगावर येतो हो." पत्रकं वाटायची नाहीत असं ठरलं. धुरी "बरं" म्हणाले आणि खुर्च्या आवरायला लागले.

शैलावहिनींचं पुढचं मला बायकोकडून कळलं. एक दिवस वहिनी पोळ्या लाटत होत्या आणि धुरी दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "तुझ्या गालाचं हाड दिसायला लागलंय. डोळ्यांखालीही उतरलंय. डॉक्टरकडे जाऊ या."

वहिनींनी लाटणं ठेवलं. "माझ्याकडे तसं बघू नका," त्या म्हणाल्या. "मला अजून जायचं नाहीये."

त्यांना वाटलं, गेलेल्या माणसाचं चित्र काढायचं असलं की बघतात, तसंच हे बघणं. धुरींनी पुन्हा पुन्हा विनवलं. ते जितकं विनवत, तितक्या त्या लांब पळत. चहा द्यायच्या तर तोंड फिरवून. जेवायला बसायच्या तर पाठ करून. पोटात दुखत होतं, ते त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, धुरींना नाही. बायकोने धरून नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी आला असतात तर. धुरींनी ते तेव्हाच पाहिलं होतं. सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं.

हॉस्पिटलात धुरी कागद घेऊन बसलेले मी बघितले. वहिनींनी पदर तोंडावर घेतलेला. धुरी मला बाहेर म्हणाले, "नको म्हणते. म्हणते, काढलंत की संपलं. मी किती जणींना काढलं, परब. तिचं एकही चित्र माझ्याकडे नाही. रोज समोर होती, म्हणून राहिलं."

वहिनींच्या तेराव्याला आम्ही गेलो. लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली त्यांची मुलगी आलेली होती. हार घातलेला फोटो होता, गुळगुळीत, गोरा, मागे निळं आभाळ. वहिनींच्या कपाळावरची गोंदणाची टिकली त्यात पुसली गेलेली.

"पोरीने करून आणलाय," धुरी म्हणाले. "छान झालाय."

"तुम्ही?"

"बसलो होतो. दोनदा बसलो. डोळे मिटले की पाठच दिसते. शेवटी शेवटी तिने मला पाठच दाखवली ना."

गाळा त्यांनी सोडला. घर बंद करून ते डोंबिवलीला मुलीकडे राहायला गेले. मी फोन करायचो, ते उचलायचे, दोन वाक्यं बोलायचे. मी येतो म्हटलं की म्हणायचे, पोरीचं घर लहान आहे.

गेल्या मार्चमध्ये बायकोच्या भाचीकडे डोंबिवलीला गेलेलो. दुपारची वेळ, ऊन कडक. बाजाराच्या रस्त्यावर, स्कायवॉकच्या सावलीला एक म्हातारा कुठल्याशा क्लासची पत्रकं वाटत होता. डोक्यावर क्लासच्या नावाची पिवळी टोपी. मी पुढे गेल्यावर लक्षात आलं आणि मागे वळलो.

"धुरी."

त्यांनी मान वर केली. ओळखलं. "परब, उभा राहू नकोस. तो पलीकडे पोरगा बसलाय ना, त्याचं लक्ष असतं."

मी म्हटलं, "हे कशाला करताय? घरी बसा. मुलं येतील चित्रकला शिकायला. मी सांगतो चार जणांना."

"नको," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखाच बारीक. "हे बरं आहे. यात कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. हात दिसला की द्यायचं."

मी हात पुढे केला. त्यांनी त्यात एक पत्रक ठेवलं, मग विचार करून आणखी एक. "बायकोला दे," म्हणाले. तेवढ्यात मागून गर्दी आली आणि ते बाजूला झाले. मी थोडा लांब जाऊन, एका दुकानाच्या आडोशाला उभा राहून बघत होतो. लोक येत होते, जात होते. धुरी खाली मान घालून, एकामागून एक, पुढे येणाऱ्या हातांत कागद ठेवत होते. बरेच हात कागद न घेताच निघून जात होते.